अ‍ॅक्रोमेगालीचं इंजेक्शन लागू पडेल का, हे आधी कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ३८ वर्षांचा, अ‍ॅक्रोमेगालीचं निदान (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन जास्त सुटून हात-पाय आणि चेहरा वाढण्याचा आजार), नाकातून ऑपरेशन झालेलं. पिट्युटरीची गाठ २.४ सेंटिमीटरची होती आणि उजवीकडे कॅव्हर्नस सायनसमध्ये (पिट्युटरीच्या बाजूची, मोठी रक्तवाहिनी आणि नसा असलेली जागा) शिरलेला भाग सर्जननी मुद्दाम काढला नाही. सहा आठवड्यांनी रक्त तपासलं, ग्रोथ हार्मोन ९ आणि आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे मुख्यतः यकृतात बनणारं हार्मोन) ७४० आलं. त्या लॅबची त्याच्या वयाची वरची मर्यादा २५०. मधुमेहाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी दर चार आठवड्यांनी ऑक्ट्रिओटाइडचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन सुचवलंय. ‘इतकं महाग औषध लागू पडणार की नाही, हे पहिलं इंजेक्शन घेण्याआधी सांगणारी एखादी टेस्ट नाही का?’

हो किंवा नाही असं छातीठोक सांगणारी एकच टेस्ट नाही. पण अंदाज बांधायला लागणारी निम्मी सामग्री तुमच्याकडे आधीच पडून आहे: एक ऑपरेशनच्या आधीच्या एमआरआयच्या सीडीत आणि दुसरी ज्या लॅबमध्ये गाठ तपासली तिथल्या मेणाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे गाठीचा तुकडा जपून ठेवलेल्या ठोकळ्यात. या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा कुणी नीट वाचतच नाही, कारण निदान झालेलं असतं आणि ऑपरेशनही उरकलेलं असतं.

आधी ‘लागू पडणं’ म्हणजे काय ते ठरवू. यात दोन वेगळे प्रश्न आहेत: हार्मोन आटोक्यात येईल का, आणि उरलेली गाठ आक्रसेल का. दोन्ही साधारण हातात हात घालून चालतात, पण नेहमीच नाही. गाठ चांगली लहान होते आणि आयजीएफ-१ मात्र वरच्या मर्यादेच्या दीड पटीवर अडून बसतं, असे रुग्ण बरेच असतात. तुमच्या भावाच्या बाबतीत उरलेला भाग डोळ्याच्या नसांपासून लांब, बाजूला असेल, तर सध्या हार्मोन हाच मुख्य मुद्दा. नसांना गाठ टेकलेली असती तर मी अंदाज बांधत बसले नसते. तिथे पुन्हा ऑपरेशनचा विचार आधी.

सर्वसाधारण शक्यता किती? ऑक्ट्रिओटाइड आणि लॅनरिओटाइड ही पहिल्या पिढीची औषधं. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे पाहिले तर ढोबळमानाने तीस ते पन्नास टक्के रुग्णांत ती एकट्याने हार्मोन पूर्ण आटोक्यात आणतात. पण हा आकडा कुणाला निवडलं आणि निकष किती कडक लावले यावर फार हलतो. आधी कुठलंच औषध न घेतलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत, ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१ दोन्ही नॉर्मल हवेत असा निकष लावल्यावर, वर्षअखेर ऑक्ट्रिओटाइडच्या गटात फक्त १९ टक्के लोक त्यात बसले. जुन्या लेखांत दिसणारे सत्तर-ऐंशी टक्के हे बऱ्याचदा आधीच औषधाला चांगले ठरलेले रुग्ण घेऊन काढलेले असतात. इंटरनेटवर वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता तुमच्या भावाचे आकडे. सहा आठवड्यांचं आयजीएफ-१ मी अंतिम धरत नाही. ऑपरेशननंतर ग्रोथ हार्मोन लगेच उतरतं, पण आयजीएफ-१ हळूहळू खाली येतं. म्हणून ते बारा आठवड्यांनी पाहायचं. ग्रोथ हार्मोन ९ आहे, म्हणजे आजार शिल्लक आहे यात शंका नाही, आणि आयजीएफ-१ आपोआप नॉर्मल होईल अशी आशा मी दाखवणार नाही. तरी सुरुवातीचा आकडा खरा हवा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशीच होणार. ७४० भागिले २५० म्हणजे जवळपास ३ पट. वहीत नुसतं ७४० लिहू नका, ‘मर्यादेच्या ३ पट’ असंही लिहा. लॅब बदलली की आकडा आणि मर्यादा दोन्ही बदलतात, त्यामुळे शक्यतो लॅब बदलूच नका.

आयजीएफ-१ फसवतं ते असं: मधुमेह फार बिघडलेला असेल तर यकृतापर्यंत पुरेसं इन्सुलिन पोचत नाही, ग्रोथ हार्मोनला यकृताचा प्रतिसाद घटतो आणि आयजीएफ-१ खोटं कमी दिसतं. साखर सुधारली की तेच वर जातं, आणि घरचे म्हणतात औषध लागू पडत नाहीये. ऑपरेशननंतर थायरॉइड कमी पडला असेल आणि गोळी सुरू झालेली नसेल, यकृताचा आजार असेल, खाणं तुटलेलं असेल, तरी असंच होतं. बायकांमध्ये तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही आयजीएफ-१ खाली जातं. म्हणून बाराव्या आठवड्याच्या रक्तासोबत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि सकाळची कॉर्टिसॉलही करून घ्या.

मग एमआरआय. ऑपरेशनच्या आधीचा, औषध सुरू होण्याआधीचा. त्यातले समोरून घेतलेले टी-२ छेद (पाणी उजळ दाखवणाऱ्या पद्धतीने काढलेली चित्रं) पाहायचे. गाठीचा घट्ट भाग टी-२ मध्ये काळपट दिसतो, मेंदूच्या करड्या भागासारखा दिसतो की त्याहून उजळ, एवढाच प्रश्न आहे. तुलना शेजारच्या टेम्पोरल लोबशी (मेंदूचा कानाजवळचा भाग) करतात: गाठ तिथल्या पांढऱ्या भागाइतकी किंवा त्याहून काळी असेल तर ‘हायपोइंटेन्स’, करड्या भागापेक्षा उजळ असेल तर ‘हायपरइंटेन्स’, दोन्हींच्या मधली ती ‘आयसोइंटेन्स’. ग्रोथ हार्मोन बनवणाऱ्या गाठींपैकी जवळपास निम्म्या काळपट असतात. त्या बहुधा आकाराने लहान, कमी पसरलेल्या असतात आणि ऑक्ट्रिओटाइडला चांगला प्रतिसाद देतात. उजळ गाठी मोठ्या, आजूबाजूला शिरणाऱ्या आणि या औषधाला दाद न देणाऱ्या निघण्याची शक्यता जास्त. मधल्या गटाबद्दल टी-२ फारसं काही सांगत नाही, आणि ते मान्य केलेलं बरं.

हे वाचताना चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त, गाठीत रक्तस्राव झालेला असतो तेव्हा. जुनं रक्त टी-२ वर काळं दिसतं आणि गाठ ‘चांगली’ वाटते. उलट, गाठीत पाण्याची पोकळी असेल तर ती पांढरीशुभ्र दिसते आणि गाठ ‘वाईट’ वाटते. दोन्ही भाग टाळून घट्ट मांसल भागच पाहायचा. अगदी छोट्या गाठीत हे नीट जमत नाही. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून ‘काळी आहे का हो?’ असं विचारणारे खूप असतात. त्यावरून काहीही सांगता येत नाही, कारण फिल्म किती उजळ छापली यावर सगळं अवलंबून असतं. मूळ सीडी न्या आणि रेडिऑलॉजिस्टना एकच वाक्य विचारा: ‘टी-२ वर गाठीचा घट्ट भाग टेम्पोरल लोबच्या मानाने कसा आहे, हे रिपोर्टला जोडून द्याल का?’ दहा मिनिटांचं काम आहे, नवा स्कॅन लागत नाही.

ब्लॉकचं काम याहून मोलाचं. तुमच्या रिपोर्टमध्ये बहुतेक ‘पिट्युटरी अ‍ॅडेनोमा, ग्रोथ हार्मोन पॉझिटिव्ह’ एवढंच असेल. निदानापुरतं ते पुरेसं, पण औषधाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. या गाठींचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकीत पेशी हार्मोनच्या कणांनी गच्च भरलेल्या असतात, दुसरीत कण विरळ. ओळखायला कॅम ५.२ नावाचा, केराटिन या पेशीतल्या प्रथिनाचा स्टेन (रंग देऊन केलेली तपासणी) करतात. गच्च कणांच्या पेशीत रंग केंद्रकाभोवती कड्यासारखा पसरतो. विरळ कणांच्या पेशीत तो एका बाजूला गोळा होऊन ठिपक्यासारखा दिसतो. या ठिपक्याला फायब्रस बॉडी म्हणतात. सत्तर टक्क्यांहून जास्त पेशींत हा ठिपका असेल तर गाठ विरळ कणांची. टी-२ वर उजळ दिसणाऱ्या गाठी बहुधा याच. म्हणजे एमआरआय आणि सूक्ष्मदर्शक एकाच गोष्टीकडे दोन खिडक्यांतून बघत असतात. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर भरवसा वाढतो, पण तो दुप्पट झाला असं समजू नये.

दुसरा स्टेन एसएसटीआर-२ चा. ऑक्ट्रिओटाइड आणि लॅनरिओटाइड पेशीवरच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरवर, मुख्यतः दोन नंबरच्या रिसेप्टरवर, बसून काम करतात. कुलूपच नसेल तर किल्लीचा उपयोग काय? पॅथॉलॉजिस्ट रंगाची तीव्रता ० ते ३ आणि रंगलेल्या पेशींचं प्रमाण ० ते ४ असे गुण देतात आणि दोन्हींचा गुणाकार करतात, म्हणजे जास्तीत जास्त १२. रंग पेशीच्या आवरणावर असला तरच खरा. गुण अगदी कमी आले तर मी कुटुंबाला स्पष्ट सांगते की या औषधाने पूर्ण नियंत्रणाची आशा थोडी. गुण भरपूर आले म्हणून यश नक्की असं मात्र नाही, कारण रिसेप्टरला औषध चिकटल्यावर पेशीच्या आतली साखळीही चालावी लागते. नकारार्थी निकाल होकारार्थी निकालापेक्षा जास्त विश्वासाचा, असं म्हणा ना.

एक गोष्ट ब्लॉक देताना नक्की सांगा: ऑपरेशनच्या आधी भावाला ऑक्ट्रिओटाइड दिलं होतं का? दिलं असेल तर रिसेप्टर कमी दिसू शकतात आणि निकाल उगाच निराशाजनक वाटतो. ब्लॉक मागायला लाजू नका. बायॉप्सीचा नंबर, ऑपरेशनची तारीख आणि डॉक्टरांची चिठ्ठी नेली की लॅब ब्लॉक देते. कॅम ५.२ जवळपास सगळ्या मोठ्या लॅबमध्ये होतो. एसएसटीआर-२ सगळीकडे होत नाही, पिट्युटरीच्या गाठी नेहमी बघणारी लॅब शोधावी लागते. स्लाइड नव्हे, ब्लॉक मागा, कारण नवीन स्टेन ब्लॉकमधूनच कापून करावे लागतात.

वय, सुरुवातीचे आकडे आणि घराणं यांचाही थोडा वाटा आहे. वय जास्त, सुरुवातीचं ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१ कमी, उरलेली गाठ लहान, असं असेल तर निकाल बरा येतो. ३ पट आयजीएफ-१ हे काही फार जुळून आलेलं गणित नाही. एक प्रश्न मात्र विचारून ठेवा: घरात आणखी कुणाला पिट्युटरीची गाठ होती का, किंवा भावाचा आजार विशीच्या आत सुरू झाला होता का? जुने फोटो काढून बघा. बोटातली अंगठी, बुटाचा नंबर, चेहरा कधीपासून बदलला ते कळतं. उत्तर ‘हो’ असेल तर एआयपी जीनची तपासणी करण्यात अर्थ आहे. त्या जीनच्या बिघाडाने होणाऱ्या गाठी लहान वयात येतात, मोठ्या होतात आणि पहिल्या पिढीच्या औषधांना कमी दाद देतात.

तुम्हाला हवी असलेली ‘टेस्ट’ म्हणता येईल असं एक काम आहे: ऑक्ट्रिओटाइडची तात्पुरती चाचणी. रात्रभर उपाशी, सकाळी हाताला सुई लावून ठेवायची, सुरुवातीचं ग्रोथ हार्मोन घ्यायचं, मग १०० मायक्रोग्रॅम साधं, कमी वेळ टिकणारं ऑक्ट्रिओटाइड कातडीखाली द्यायचं आणि पुढे दर तासाला सहा तास ग्रोथ हार्मोन बघायचं. काही केंद्रं दोन तासांतच थांबतात. आकडा कोसळला तर चांगली खूण. साधी अँप्युल लांब पल्ल्याच्या इंजेक्शनच्या मानाने खूपच स्वस्त पडते, ही जमेची बाजू. पण ग्रोथ हार्मोन दिवसभर लाटांमध्ये सुटतं, एखादा नमुना चुकीच्या क्षणी घेतला जाऊ शकतो, आणि किती उतरलं म्हणजे पुरे याची रेघ प्रत्येक केंद्राची वेगळी आहे. गाठ आक्रसेल का हे तर ही चाचणी सांगतच नाही. मी तिला पहिल्या पायरीचा पुरावा मानते, निकाल मानत नाही. पोटात कळ, जुलाब किंवा साखर वर-खाली होणं त्या दिवशीच दिसतं, हा मात्र हिचा खरा फायदा.

हे सगळं एकत्र धरून उपचार ठरवल्याने फरक पडतो का? स्पेनमधल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या अ‍ॅक्रोफास्ट चाचणीत, जिचे निकाल २०२४ मध्ये आले, एका गटात ही छोटी ऑक्ट्रिओटाइड चाचणी, टी-२ चा रंग आणि गाठीतलं ई-कॅडहेरिन हे प्रथिन बघून सुरुवातीचं औषध निवडलं. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे एक औषध देऊन बघा, नाही जमलं तर पुढचं. पहिल्या गटात ७८ टक्के रुग्ण आटोक्यात आले, दुसऱ्यात ५३ टक्के, आणि पहिल्यांना वेळही कमी लागला. रुग्ण एकूण ८५ होते, म्हणजे आकडा लहान आहे आणि सगळीकडे तसाच येईल असं नाही. पण दिशा मला पटते.

तर तुमच्या भावाबाबत माझी रीत अशी राहील. टी-२ काळपट, कण गच्च, रिसेप्टर भरपूर: निःशंक सुरू करा. सगळं उलट: तीन महिने इंजेक्शन देऊन बघायला हरकत नाही, पण सहा-आठ महिने ‘अजून थोडं थांबू’ म्हणत पैसे घालवू नका, आणि पुढच्या औषधाची चौकशी आत्ताच सुरू करा. चित्र मिश्र असेल, जे बहुधा असतं, तर खरी परीक्षा म्हणजे पहिली तीन इंजेक्शनं.

ती परीक्षा नीट व्हायला हवी, आणि ती बिघडते ती बऱ्याचदा इंजेक्शनच्या खोलीत. ऑक्ट्रिओटाइडचं लांब पल्ल्याचं औषध पावडरच्या बाटलीत येतं. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं. प्रवासात बर्फाला टेकून गोठू द्यायचं नाही. देण्याआधी किमान अर्धा तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायचं. द्रव घातल्यावर पावडर पूर्ण भिजेपर्यंत काही मिनिटं बाटली न हलवता ठेवायची, मग सावकाश हलवून एकजीव करायची. घाई झाली की गुठळ्या राहतात, सुई अडकते आणि अर्धा डोस सिरिंजमध्येच राहतो. तयार झाल्यावर लगेच नितंबाच्या स्नायूत खोल द्यायचं. जाड माणसात सुई चरबीतच थांबली तर औषध नीट सुटत नाही. ऑक्ट्रिओटाइड कधीच न दिलेल्या नर्सकडून पहिलं इंजेक्शन घेऊ नका. लॅनरिओटाइड आयत्या सिरिंजमध्ये येतं आणि कातडीखाली खोल, हळूहळू ढकलायचं असतं. त्यात बिघाडाच्या जागा कमी. तीन इंजेक्शनं होईपर्यंत कंपनी बदलू नका, डोसही एकच ठेवा. नेहमीची सुरुवात ऑक्ट्रिओटाइड २० मिलिग्रॅम किंवा लॅनरिओटाइड ९० ते १२० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. सुरू करण्याआधी पोटाची सोनोग्राफी करा, कारण पुढे पित्ताशयात खडे होतात आणि ते आधीचे की नंतरचे हा वाद राहतो.

रक्त घ्यायचं चौथ्या इंजेक्शनच्या अगदी आधी, त्याच दिवशी. दोन आठवड्यांनी घेतलं तर औषध अंगात भरात असतं आणि आकडा खोटा छान येतो. आता समजा ७४० चं ४२० झालं. ४३ टक्के घट, मर्यादेच्या सुमारे १.७ पट. हा अपयशाचा आकडा नाही. डोस ३० मिलिग्रॅम करून आणखी तीन महिने द्यायला तो पुरेसा आहे. मर्यादेच्या दीड पटीच्या आत येऊन अडकलं तर कॅबरगोलिनची गोळी जोडून बघते. आठवड्याला अर्धा मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. आयजीएफ-१ थोडंसंच जास्त असताना ते बरं काम करतं आणि परवडतं. पण ७४० चं ६९० झालं असेल, म्हणजे ७ टक्के, आणि इंजेक्शन नीट दिलंय याची खात्री असेल, तर डोस वाढवत बसण्यात मला अर्थ दिसत नाही.

मग पर्याय कोणते? पॅसिरिओटाइड हे याच कुटुंबातलं पुढच्या पिढीचं औषध एकाहून जास्त रिसेप्टरवर काम करतं, त्यामुळे विरळ कणांच्या, टी-२ वर उजळ दिसणाऱ्या गाठींतही कधी कधी चालतं. पहिल्या पिढीच्या औषधांनी न सुधारलेल्या रुग्णांत त्याच्या मुख्य चाचणीत १५ ते २० टक्के लोक आटोक्यात आले. पण त्याने साखर वाढते, तीही अर्ध्याहून जास्त रुग्णांत, आणि तुमच्या भावाला मधुमेह आहेच. म्हणून त्याच्यासाठी मी आधी पेगव्हिसोमंटचा विचार करेन. ते गाठीवर काम करतच नाही, शरीरभर ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टर अडवतं, त्यामुळे वर सांगितलेल्या कुठल्याच खुणेची त्याला पर्वा नसते. साखरही सुधारते. रोज टोचावं लागतं, यकृताची तपासणी आणि गाठीवर एमआरआयने लक्ष ठेवावं लागतं, आणि ग्रोथ हार्मोन तपासून काही कळत नाही, उलट ते वाढतं. फक्त आयजीएफ-१ बघायचं. खर्च इथेही मोठा. सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात असाल तर वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना औषध सुरू होण्याआधी भेटा. मध्येच खंड पडला तर सगळी तुलना वाया जाते.

आणि सर्जनना एक प्रश्न विचाराच: कॅव्हर्नस सायनसबाहेर काढता येण्यासारखा भाग अजून उरलाय का? गाठीचा मोठा हिस्सा कमी झाला की तेच औषध, जे आधी अर्धवट लागू पडत होतं, नंतर जास्त चांगलं चालतं. ऑपरेशननंतरचा एमआरआय तीन महिन्यांनी, सूज ओसरल्यावर करा, आणि त्याची सीडी जुन्या सीडीसोबत एकाच पाकिटात ठेवा.